दुसरी फेरी

८ जुलै २०२४, सोमवार

छातीत दुखत नाही. दाबल्यासारखं होतं. हा फरक महत्त्वाचा आहे आणि त्यापायीच तीन महिने वाया गेले. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "छातीत दुखतं का?" मी खरं ते सांगितलं, "नाही." त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या.

आता हृदयाचे डॉक्टर म्हणतात, रोज लिहून ठेवा. किती चाललात, कितव्या मिनिटाला दाब आला, किती वेळात गेला. म्हणून ही वही. विमानाच्या कारखान्यात चौतीस वर्षं चाचणी विभागात काढली, त्यामुळे नोंदी ठेवणं मला नवीन नाही. या वेळी नमुना मी आहे, एवढंच.

वय सदुसष्ट. १९ जूनला अँजिओग्राफी झाली. उजवीकडची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद, बहुधा बऱ्याच वर्षांपासून. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. जिथे ती बंद पडली आहे त्याच्या पलीकडे डाव्या बाजूकडून केसासारख्या बारीक वाहिन्या आडव्या वाढल्या आहेत आणि जमेल तेवढं रक्त पोचवताहेत. "हे तुमच्या हृदयाने तुम्हाला न विचारता केलंय," ते म्हणाले. "बसून असलात की पुरतं. चढ आला की अपुरं पडतं." आधी गोळ्या आणि बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम. बायपासचं त्यानंतर ठरवू म्हणाले.

अँजिओग्राफीला सोबत माणूस लागतो हे मला माहीत नव्हतं. त्याची सही लागते. तळमजल्यावरचे विनोदकुमार झेरॉक्सचं दुकान बंद ठेवून आले. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात काय लिहू म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, शेजारी लिहा.

बायकोला, प्रतिमाला, कळवलं नाही. ती पुण्याला मुलीकडे, केतकीकडे असते, नातीला, निधीला सांभाळायला. लहान मूल म्हणजे माणूस अडकून पडतं. त्यात माझी भर कशाला?

आजची नोंद. बनशंकरीच्या बाजारातून परत, हातात दोन किलोची पिशवी. चढावर चौथ्या मिनिटाला दाब. औषधाच्या दुकानासमोर थांबून काचेतले साबण पाहिले. तीन मिनिटांत गेला. घरचा जिना अडतीस पायऱ्या, पहिल्या वळणावर पुन्हा थांबलो.

११ जुलै, गुरुवार

व्यायामाचा पहिला दिवस. जयनगरमधल्या हॉस्पिटलच्या तळघरात मोठी खोली आहे, सहा ट्रेडमिल, भिंतीला लागून खुर्च्या. शिल्पाश्री नावाची फिजिओथेरपिस्ट छातीला चिकट्या लावून समोरच्या पडद्यावर हृदयाची रेघ बघत बसते.

पहिली फेरी. ४ मिनिटं ४० सेकंदांना दाब. हात वर केला, तिने पट्टा थांबवला. पंधरा मिनिटं बसवलं. मग म्हणाली, पुन्हा चढा.

मला वाटलं, आता तीन मिनिटंही निघणार नाहीत. एकदा ताण दिलेला नमुना दुसऱ्यांदा लवकर हार मानतो. पण दाब आला तो ६ मिनिटं ५० सेकंदांना, आणि तोही सौम्य.

मी तिला म्हणालो की तुमचं यंत्र तपासून घ्या, वेग कमी झालेला दिसतोय.

"अंकल, मशीन ठीक है," ती म्हणाली. "दूसरे राउंड में सबको ऐसा ही होता है."

सबको हे काही शास्त्रीय उत्तर नव्हे.

१५ जुलै, सोमवार

टेप घेऊन गेलो. पट्ट्याची लांबी मोजली, खडूची खूण करून मिनिटाला किती फेरे होतात ते मोजले. शिल्पाश्री आधी हसत होती, मग तिने स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं. वेगात चूक नाही. म्हणजे फरक यंत्रात नाही, माझ्यात आहे.

आजही तसंच. पहिली फेरी ४.३५, दुसरी ६.४०.

डॉक्टर खाली आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, हृदयाला एकदा रक्त कमी पडलं आणि मग विश्रांती मिळाली, की पुढचा तासभर ते कमी रक्तात भागवायला शिकतं. त्या आडव्या वाहिन्याही बहुधा लवकर उघडतात. "पण नेमकं का होतं, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही." आठवड्यामागून आठवडे हे करत राहिलं की पहिली फेरीसुद्धा सुधारते, असं म्हणाले.

हे माझ्या पचनी पडत नाही. आम्ही विमानाचा पंख हजारो वेळा वाकवायचो. दर वेळी आत कुठेतरी सूक्ष्म चीर थोडी वाढते आणि एक दिवस पंख तुटतो. त्याला विश्रांती देऊन काही उपयोग नसतो. जरा बसतो, मग पुन्हा वाकवा, असं म्हणणारा पंख मी पाहिलेला नाही.

शेजारच्या ट्रेडमिलवर एक बाई असतात, तुंगाबाई. साठीच्या. मे महिन्यात बायपास झाली आहे. तीन पिढ्यांपासून इथल्या कन्नड मुलखात राहिलेलं मराठी कुटुंब, चिक्कपेटेत कापडाचं दुकान. मी टेप लावत असताना म्हणाल्या, "अण्णा, रस्ता मोजायला आलात काय? स्वल्प सरका की, मला दम चढते आणि तुम्ही वाटेत."

मी म्हणालो, "दम चढते नाही, दम लागतो."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "तुमचं मराठी पुस्तकातलं. आमचं घरातलं."

२१ जुलै, रविवार

दहा वाजता प्रतिमाला फोन, नेहमीप्रमाणे. तिकडे पाऊस फार आहे. इथे भुरभुर. "बरे आहात ना?" "मजेत." निधी पहिलीत गेली, दप्तर जड असतं. चार मिनिटं अकरा सेकंद.

दिवसभरात दुसऱ्या कुणाशी बोलणं झालं नाही. म्हणजे दूधवाल्याला 'साकु', पुरे, म्हणालो, ते धरलं तर झालं.

१ ऑगस्ट, गुरुवार

पहिली फेरी ५.५०. दुसरी ७.४५. विश्वास बसत नाही, पण आकडे माझे मीच घेतलेत.

दोन फेऱ्यांमधली पंधरा मिनिटं तुंगाबाई बोलतात. मला आता त्याची सवय झाली आहे. सोमवारी त्या आल्या नव्हत्या तर ती पंधरा मिनिटं संपता संपेनात. आज त्यांची सून डब्यातून चिरोटे घेऊन आली होती. मी नको म्हणालो. तुंगाबाई म्हणाल्या, "अर्धा घ्या. घरी कोण करते तुम्हाला?"

"मीच करतो. मिसेस पुण्याला आहेत, मुलीकडे."

"केव्हा येणार?"

"दिवाळीला."

"कुठल्या दिवाळीला?"

त्यांच्या मराठीत प्रश्न असे विचित्र येतात. मी म्हणालो, याच. शिल्पाश्रीने हाक मारली, दुसरी फेरी सुरू झाली.

२५ ऑगस्ट, रविवार

केतकीचा मेसेज. हेब्बाळला तिच्या कंपनीचं ऑफिस आहे, तिथे दोन दिवस मीटिंग. दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून निघणार, शाळेला सुट्टी म्हणून निधीलाही आणणार. राहतील हेब्बाळला हॉटेलात, कारण तिथून बनशंकरीपर्यंत दीड तास जातो. हे बरोबरच आहे. बुधवारी निधीला दिवसभर माझ्याकडे सोडणार.

प्रतिमाला फोनवर विचारलं, "तू येणार नाहीस का त्यांच्याबरोबर?" म्हणजे विचारणार होतो. गाडीची तिकिटं मिळाली का, एवढंच विचारलं.

पाहुण्यांची खोली झाडली. गादीला ऊन दाखवलं.

११ सप्टेंबर, बुधवार

निधी आली होती. सहा वर्षांची, पुढचे दोन दात हलतात. आल्या आल्या सगळं घर पाहून म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे काहीच नाहीये."

खरंच काही नव्हतं. शेवटी तिला माझं स्टॉपवॉच दिलं. मग दिवसभर ती सगळं मोजत होती. वरणभात खायला लागलेला वेळ, कावळा कठड्यावर किती वेळ बसतो, मी जिना किती वेळात चढतो. "वळणावर का थांबलात?" म्हणाली. मी म्हणालो, मोजणाऱ्याला विश्रांती म्हणून. तिला ते पटलं.

दुपारी चित्र काढलं. एक घर, एक बाई, एक काळं मांजर. मी विचारलं, हे कुठलं? म्हणाली, "आजीचं घर."

"म्हणजे तुमचं घर."

"नाही हो. आमचं घर वेगळं. आजीचं पुढच्या गल्लीत. तिथे गच्चीत कुंड्या आहेत आणि हा कोळसा."

कोळसा हे मांजराचं नाव. प्रतिमाला मांजरं आवडत नाहीत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दारात एक पिल्लू आलं होतं, ते आम्ही ठेवलं नाही. लहान मुलं गोष्टी रचतात. त्यातल्या त्यात ही फारच रंगवून रचते. केतकी घ्यायला आली तेव्हा मी ते चित्र तिला दाखवलं आणि म्हणालो, कल्पनाशक्ती बघ हिची. केतकी खाली वाकून निधीच्या चपला शोधत होती.

चित्र माझ्याकडेच राहिलं आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

हे नीट लिहिलं पाहिजे. जसं घडलं तसं.

दुपारी यशवंतपूरला त्यांना गाडीवर पोचवायला गेलो. गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर लागली होती. केतकीच्या हातातली बॅग मी घेतली. ती नको म्हणत होती. मी म्हणालो, आता मी साडेसात मिनिटं चालतो. तिला त्याचा अर्थ कळला नाही. पण सकाळपासून रिक्षात बसून होतो, अंगात आधीची फेरी नव्हती. ही पहिली होती, आणि पुलाचे जिने, आणि बॅग. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

विसाव्या पायरीवर दाब आला. मी कठडा धरून गाड्यांच्या वेळापत्रकाचा फलक वाचू लागलो. लोक बाजूने जात होते.

निधी म्हणाली, "आई, आजोबा दोन मिनिटं झाली थांबलेत." स्टॉपवॉच तिच्या गळ्यात होतं.

केतकी मागे वळली. मी तोवर जिभेखाली गोळी ठेवली होती. तिने ते पाहिलं. बॅग माझ्या हातातून काढून घेतली आणि मला तिथेच पायरीवर बसवलं.

"कधीपासून?"

"मार्चपासून. विशेष काही नाही. उपचार चालू आहेत."

"आईला माहीत आहे?"

"तिला कशाला त्रास? ती आली की सांगेन."

केतकी माझ्या शेजारी पायरीवर बसली. ऑफिसच्या कपड्यांत. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आई यायची नाहीये."

"दिवाळीला?"

"कधीच. चार वर्षं झाली ती वेगळी राहते. निधीने सांगितलं ना तुम्हाला काल? तुम्ही मला ते चित्र गंमत म्हणून दाखवलंत." मग म्हणाली, "आईने कधी लपवलं नाही. मला म्हणाली, त्यांनी विचारलं तर सांगेन. तुम्ही सहा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, तू परत येणार आहेस का."

दाब गेला होता. गोळीने जातो. गाडीची घोषणा झाली. केतकी म्हणाली, ही गाडी सोडते, तुमच्याकडे राहते. मी म्हणालो नको, निधीची शाळा आहे. खाली उतरवून तिने मला रिक्षात बसवलं, चालकाला कन्नडमध्ये काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. "स्वल्प निधान" म्हणजे जरा हळू, एवढंच तिला येत होतं. मग दोघी पळत पुलाकडे गेल्या.

निधी पळताना हात हलवत होती. मी हलवला की नाही, आठवत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

अकरा दिवस काही लिहिलं नाही. व्यायामालाही गेलो नाही. दोन रविवार गेले, प्रतिमाला फोन केला नाही. तिचाही आला नाही. तिचा कधीच येत नसे, मीच करायचो, हे आता ध्यानात आलं. केतकी रोज विचारते, गोळ्या घेतल्या का. घेतल्या म्हणून कळवतो.

आज अकरा वाजता दारावरची घंटा वाजली. तुंगाबाई. मागे त्यांची सून, हातात पाण्याची बाटली. बाई घामाघूम झाल्या होत्या पण चेहरा विजयी होता. "अडतीस पायऱ्या," म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तेवढ्याच. मोजले मी. दोनदा बसले." पत्ता शिल्पाश्रीकडून काढला होता.

मी चहा ठेवला. त्यांनी घरभर नजर फिरवली. भिंतीवर आमचा तिघांचा फोटो आहे, केतकीच्या पदवीच्या वेळचा.

"ह्या काय पुण्याच्या?"

"हो."

"वारल्या नाहीत ना?"

"नाही हो!"

"मग असं सुतक धरून का बसलात? शिल्पा फोन करते, उचलत नाही. मला वाटलं गेले अण्णा."

मग मी सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. विनोदकुमारांना सांगितलं नाही, सख्ख्या भावाला, दत्ताला, सांगितलं नाही. या बाईंना पुलापासून मांजरापर्यंत सगळं सांगितलं. सून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

तुंगाबाईंनी चहा संपवला. म्हणाल्या, "आमचे हे पाच वर्षांमागे गेले, दुकानातच. रोज रात्री जेवताना गप्प असत. मला वाटायचं माझ्यावर राग आहे. विचारू विचारू म्हणत राहिले. आता कुणाला विचारू? तुमची जिवंत आहे, अण्णा. पुण्याला फोन लागते की."

"ती नाही म्हणेल."

"म्हणू दे. पहिल्या फेरीला दुखतेच."

दाराशी चपला घालताना म्हणाल्या की येत्या गुरुवारी त्यांचा व्यायाम संपतोय. मी जाणार आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

काल तुंगाबाई गेल्यावर एक गोष्ट आठवली ती आजही जात नाही.

२००९ सालची. प्रतिमाचं गर्भाशयाचं ऑपरेशन होतं आणि त्याच दिवशी पंखाची अंतिम चाचणी. दोन वर्षांची मेहनत. ऑपरेशन साधं आहे असं डॉक्टरच म्हणाले होते. केतकी बारावीत, तिला परीक्षा. मी सकाळी प्रतिमाला हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि कारखान्यात गेलो. पंख ठरल्यापेक्षा जास्त भार सोसून मग तुटला. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सात वाजता मी तिच्या खोलीत गेलो आणि आधी तेच सांगितलं. किती भाराला तुटला, कुठे तुटला. ती छताकडे बघत होती. मला वाटलं, भूल उतरली नसेल.

ही गोष्ट मी निवृत्तीच्या समारंभात भाषणात सांगितली होती. प्रतिमा पहिल्या रांगेत बसली होती. लोक हसले होते. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तिच्या वर्गात मी कधी गेलो नाही, पण माझ्या प्रत्येक समारंभाला ती पहिल्या रांगेत असायची.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांत ती पुण्याला गेली. केतकीच्या बाळंतपणासाठी, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो.

तिच्या फॉर्मवर सही कुणी केली असेल? सोबतच्या माणसाची.

२६ सप्टेंबर, गुरुवार

गेलो. पहिली फेरी ५.३०, घसरली आहे. शिल्पाश्रीने रागावून बोलायचं ठरवलं असावं, पण तिने चिकट्या लावायला घेतल्या. दुसरी ७.२०.

तुंगाबाईंनी सगळ्यांना पेढे दिले. मला म्हणाल्या, "केला फोन?" मी नाही म्हणून मान हलवली. "सरी, रविवारी करा," म्हणाल्या आणि सुनेचा हात धरून गेल्या. दुकानाचं कार्ड दिलं आहे. शेजारची ट्रेडमिल रिकामी होती.

२९ सप्टेंबर, रविवार

दहा वाजता फोन केला. हवापाण्याचं काही बोललो नाही. विचारलं, "प्रतिमा, तू परत येणार आहेस का?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नाही."

मी खुर्चीत बसून होतो, तरी छातीत दाब आला. बसल्याजागी कधी येत नाही. तिला सांगितलं, "थांब जरा," आणि गोळी घेतली. परत फोन कानाला लावला तर ती म्हणाली, "घेतलीत? बसून राहा."

"तुला माहीत आहे?"

"केतकीने गाडीतूनच सांगितलं. मी वाट बघत होते तुम्ही कधी सांगता त्याची." मग म्हणाली, "आज पुरे." तिने ठेवला.

३० सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा केला. सोमवारी आमचा फोन होत नाही. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, २००९ सालचं विचारायचं होतं. ऑपरेशनच्या दिवशी फॉर्मवर सही कुणी केली?

"शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या नवऱ्याने," ती म्हणाली. "मला त्याचं नावही माहीत नव्हतं. नातं काय लिहू म्हणून विचारत होता बिचारा."

 ती बोलत राहिली. त्या दिवसाबद्दल, मग इतर दिवसांबद्दल. आवाज चढला तिचा. मी सहसा मधे बोलून दुरुस्त करतो, तारीख चुकली किंवा तपशील चुकला तर. आज तपशील दोन ठिकाणी चुकला होता, पण दुरुस्त केला नाही. ऐकायला कठीण होतं, पण कालच्याइतकं नाही. दाब आला नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटची चाचणी. पहिली फेरी ७.४०. दुसरी ९.३०. डॉक्टर म्हणाले, सध्या बायपासची गरज नाही, चालणं आयुष्यभर चालू ठेवायचं, रोज आधी हळू सुरुवात करून. बंद वाहिनी बंदच राहणार. ती उघडलेली नाही. बाकीच्यांनी काम वाटून घेतलंय.

बाहेर पडल्यावर कुणाला सांगावं कळेना. तुंगाबाईंच्या दुकानात फोन केला. त्या गल्ल्यावर होत्या, गिऱ्हाईक होतं. "छान, अण्णा, छान," म्हणाल्या, आणि साडीचा पन्हा कुणाला तरी सांगू लागल्या. मी ठेवला. मग बसस्टॉपवर बसलो. दोन बस सोडल्या.

संध्याकाळी प्रतिमाला आकडे सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं." तिच्याकडे मांजर ओरडत होतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

दारावर झेंडूचं तोरण लावलं. विनोदकुमारांच्या घरून पुरणपोळी आली.

प्रतिमाचा फोन आला. तिने केला. तिच्या गल्लीतल्या मुलांना ती झाडं ओळखायला शिकवते. तिला तिचे वनस्पतींचे नमुने हवे आहेत, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेले, कपाटाच्या वरच्या खणात. आणि तिची पुस्तकं. "पाठवाल का?" म्हणाली. "सगळंच पाठवा. परत परत नको."

पाठवतो म्हणालो.

खण उघडायला चार दिवस लागतील असं वाटतंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आठपासून बांधाबांध केली. कागद मऊ पडले आहेत, झाडं मात्र शाबूत आहेत. प्रत्येकाखाली तिच्या बारीक अक्षरात नाव, ठिकाण, तारीख. मी एकही कधी पाहिलेलं नव्हतं. एका नेच्याखाली लिहिलं आहे: 'नंदी टेकडी, पायथा, ऑगस्ट १९८९. पाऊस. जितेंद्र गाडीत थांबला.' तक्रार म्हणून माझं नाव लिहिलेलं नाही. हवामान लिहितात तसं लिहिलं आहे. मी ते बराच वेळ हातात धरून बसलो. मग ते होतं त्या जागी ठेवलं.

एकंदर नऊ गठ्ठे. पार्सलचा टेम्पो अकराला येणार होता. पुस्तकांचे चार जड गठ्ठे विनोदकुमारांनी नेले, मी तसं त्यांना सांगितलं म्हणून. मार्चमध्ये सांगितलं नसतं. झाडांचे पाच हलके. ते मीच नेणार म्हणालो.

पहिली खेप, दोन गठ्ठे. उतरताना काही नाही. वर येताना पहिल्या वळणाच्या वर, सत्ताविसाव्या पायरीवर दाब. घरी येऊन बसलो, पंधरा मिनिटं. कपाट समोर उघडं होतं.

दुसरी खेप, दोन गठ्ठे. परत येताना छत्तिसाव्या पायरीवर किंचित जाणवला. दारात येईपर्यंत गेला. पुन्हा बसलो.

तिसरी खेप, शेवटचा गठ्ठा. काही झालं नाही. न थांबता खाली, न थांबता वर. कपाटाचा खण रिकामा, तळाशी कागदाचा चुरा आणि पिवळी पानं. ते झाडून घेतलं आणि कपाट लावलं. एवढी चांगली फेरी या वहीत दुसरी नाही, आणि ती अशी पार पडली.

फोन केला, टेम्पो निघाला म्हणून.

ती म्हणाली, "स्वतः उचललंत ना? दम लागला?"

मजेत म्हणणार होतो. म्हणालो, "पहिल्या खेपेला लागला."

"मग काय केलंत?"

"बसलो."

 "बसायला शिकलात," म्हणाली.

मग निधीचा दात पडल्याचं सांगू लागली. पडला आणि हरवला, वरणात गेला की काय कुणाला कळेना, आणि पोरगी अर्धा तास पातेलं ढवळत बसली होती. सांगताना ती मधेच हसली. मी खिडकीशी खुर्ची ओढून बसलो होतो, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.